क्षयावर आरएनए लस का येत नाही?

मिरकरवाडा, रत्नागिरी
ट्रॉलरवर खलाशी असलेल्या माझ्या धाकट्या भावाला गेल्या पावसाळ्यात फुप्फुसाचा क्षय झाला. सहा महिन्यांची औषधे पूर्ण करून तो बरा झाला आहे. परंतु त्याच्याबरोबर एकाच केबिनमध्ये आठ-दहा जण झोपत असत, त्यांची मला काळजी वाटते. लहानपणी बीसीजी ही क्षयाची लस सर्वांनीच घेतली आहे. करोनावर वर्षभरात आरएनए लस आली, मग क्षयावर का नाही?

सूक्ष्मजीवशास्त्राची शिक्षिका, सावंतवाडी
१९२१ पासून वापरात असलेली बीसीजी बालकांना क्षयाच्या मेंदूज्वरापासून वाचवते, मात्र तामिळनाडूतील चेंगलपट्टू येथे १९६८ साली सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयावर तिचा उपयोग दिसला नाही. आरएनए लस आपल्या पेशींना जंतूचे एखादे प्रथिन बनवण्याचा संदेश देते, आणि शरीर त्या प्रथिनाला ओळखायला शिकते. करोना विषाणूच्या बाबतीत लक्ष्य ठरलेले होते, ते म्हणजे काट्याचे प्रथिन. क्षयजंतूजवळ सुमारे ४,००० जनुके आहेत आणि तो आपल्याच भक्षक पेशींत दडून राहतो, त्यामुळे केवळ प्रतिपिंडे पुरत नाहीत, टी-पेशी (जंतू दडलेल्या पेशी ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी) जाग्या व्हाव्या लागतात. शिवाय संसर्गाच्या आरंभी तो जे ८५बी प्रथिन भरपूर बनवतो, तेच पुढे फार कमी बनवतो. म्हणजे कोणत्या प्रथिनांचा संदेश लशीत घालावा, हाच खरा पेच आहे. आरएनए बनवणे त्यामानाने सोपे आहे.

दापोली
यात एक इशाराही आहे. १९९६ साली डीएनए लशींनी (यांत प्रथिनाचा संदेश आरएनएऐवजी डीएनएतून दिला जातो) उंदरांना क्षयापासून संरक्षण दिले, १९९९ साली तशाच लशीने रोग बरा होण्याचीही आशा दाखवली. पण पुढे आधीच संसर्ग झालेल्या उंदरांत त्याच पद्धतीने फुप्फुसाच्या ऊती मृत झाल्याचे आढळले. आपल्याकडे कित्येकांच्या शरीरात जंतू सुप्तावस्थेत असतो, म्हणून ही सावधगिरी मला अत्यावश्यक वाटते. बायोएनटेक या जर्मन कंपनीच्या क्षयावरील आरएनए लशीच्या माणसांवरील चाचण्या २०२३ साली सुरू झाल्या.

मिरकरवाडा, रत्नागिरी
पावसाळ्यात आमच्याकडे वीज वारंवार जाते. अशी लस इथे टिकेल का?

सूक्ष्मजीवशास्त्राची शिक्षिका, सावंतवाडी
पुण्यात विकसित झालेली करोनावरील आरएनए लस गोठवून सुकवलेली होती आणि २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहत असे, तेव्हा साध्या लस-शीतकपाटात टिकणारी क्षयाची लसही अशक्य नाही. तोवर आपल्या भावाच्या केबिनमधील सर्वांची आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. सक्रिय क्षय नसल्याची खात्री झाल्यावर डॉक्टर प्रतिबंधक उपचार ठरवू शकतात. त्यांपैकी एक आठवड्यातून एकदा, असा बारा आठवडे घ्यावयाचा असतो. मासेमारी बंदीच्या काळात सर्वजण घरी असतात, तेव्हा त्यातील बरेचसे आठवडे पूर्ण करणे सोपे जाईल. तपासणी मात्र आताच करावी.