मदत हवी आहे: प्लास्टर काढलं, पण आईचा तळहात वर वळत नाहीये, हा नेमका कुठला सांधा?

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय. आई 67 वर्षांची, सांगली जिल्ह्यात गावी असते. पावसाळ्यात मागच्या दारी शेवाळावरून पाय घसरला, पडताना उजवा हात टेकला आणि मनगटाच्या जरा वर हाड मोडलं. ऑपरेशन लागलं नाही, 6 आठवडे प्लास्टर होतं, ते काढून आज 16 दिवस झाले.

बोटं मिटतात, मनगट थोडं वर-खाली होतं, कोपर तर पूर्ण वाकतं आणि सरळही होतं. पण तळहात वर होत नाही. देवळात तीर्थाला हात पुढे केला की तो उभाच राहतो, अंगठा वर, आणि पाणी ओघळून जातं. दुकानात सुट्टे पैसे डाव्या हाताने घेते. परवा फोनवर म्हणाली, "अगं, ओंजळच होत नाही माझी", तेव्हापासून माझं कशात लक्ष नाहीये.

व्यायामाचा जो कागद मिळालाय त्यात बोटांचे आणि मनगट वर-खाली करायचे व्यायाम आहेत, हात वळवायचं काहीच नाही, आणि मलाही तेव्हा विचारायचं सुचलं नाही. मग मुलाचं सहावीचं विज्ञानाचं पुस्तक घेऊन बसले. त्यात कोपर म्हणजे बिजागरीचा सांधा, मनगट सरकता आणि खांदा उखळीचा. बिजागरी तर दारासारखी एकाच दिशेला उघडते ना, मग किल्ली फिरवताना हात गोल वळतो तो कुठून? मनगटातून वळतो असं वाटलं म्हणून दुसऱ्या हाताने मनगटाच्या वर घट्ट धरून बघितलं, तर सगळा हातच आतून वळतोय असं जाणवलं. कोणाला नीट माहीत असेल तर सांगा प्लीज, शुक्रवारी डॉक्टरांकडे जायचंय.

अबोली: ताई, माझ्या सासूबाईंना अगदी हेच झालं होतं, वळायला वेळ लागला पण वळला हात. फक्त कोणी तेल लावून जोरात रगडून देतो म्हणालं तर देऊ नका, आमच्याकडे त्याने सूज वाढली होती.

हाडाचा विद्यार्थी: मी फिजिओ आहे. ताई, तुमचं निरीक्षण बरोबर आहे, आतूनच वळतं. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात, करंगळीच्या बाजूला अल्ना आणि अंगठ्याच्या बाजूला रेडियस. तळहात वर असतो तेव्हा दोन्ही शेजारी शेजारी समांतर असतात, आणि तळहात खाली केला की रेडियस अल्नावरून आडवं जातं, फुली मारल्यासारखं. अल्ना जवळजवळ जागच्या जागी राहते. या दोघांमध्ये दोन सांधे आहेत, एक कोपरापाशी आणि एक मनगटापाशी, आणि दोन्ही मोकळे असले तरच हात वळतो. हे पिव्हट प्रकारचे सांधे, म्हणजे हाड स्वतःभोवती किंवा दुसऱ्या हाडाभोवती फिरतं. पुस्तकातली बिजागरी चुकीची नाही, कोपरात अल्ना दंडाच्या हाडाला पकडून बिजागरीसारखीच चालते, पण सांध्याभोवती जी आवरणाची पिशवी असते, त्याच पिशवीत शेजारी रेडियसचं गोल डोकं एका पट्ट्याच्या कड्यात अडकवलेलं असतं आणि ते त्या कड्यात फिरतं. म्हणून तुमच्या आईंचं कोपर पूर्ण वाकतं तरी हात वळत नाही, यात काही विसंगती नाही.

आता त्यांचं. मनगटाच्या वर जे मोडतं ते बहुतेक वेळा रेडियसच. एब्राहम कॉलिस या डब्लिनच्या सर्जनने 1814 मध्ये हे फ्रॅक्चर लिहून ठेवलं, एक्सरेचा शोध लागायच्या कितीतरी आधी, निव्वळ हाताने चाचपून, मला याचं फार अप्रूप आहे. तर रेडियसचं खालचं टोक मोडलं की त्याला लागूनच असलेला मनगटापाशीचा फिरता सांधाही अडचणीत येतो. दोन शक्यता असतात. एक म्हणजे इतके आठवडे न हलल्यामुळे सांध्याभोवतीची पिशवी आखडलीय, ती व्यायामाने सुटते. दुसरी म्हणजे हाड जुळताना थोडं आखूड किंवा तिरकं जुळलंय आणि सांधा नीट बसत नाहीये. हे एक्सरे बघूनच कळतं, म्हणून शुक्रवारी हेच विचारा, की रेडियसची लांबी बरोबर आहे ना आणि अल्नाशी सांधा जुळलाय ना.

जात्यावरची ओवी: मी शाळेत विज्ञान शिकवते. हा प्रकार मी मुलांना जातं दाखवून सांगते, मधला खुंटा स्थिर आणि वरची तळी त्याच्याभोवती फिरते. मानेत अगदी तसंच आहे, दुसऱ्या मणक्याला वर एक खुंटा असतो आणि पहिल्या मणक्याची कडी त्याच्याभोवती फिरते, आपण मान हलवून "नाही" म्हणतो ते तिथून. "हो" म्हणतो ते त्याच्या वरच्या, कवटी आणि पहिल्या मणक्याच्या सांध्यातून. पुस्तकात तीनच प्रकार दिलेत ते लहान मुलांना झेपावं म्हणून, नाहीतर अंगठ्याच्या बुडाशी खोगिरासारखा सांधा आहे तो वेगळाच, त्याच्यामुळे अंगठा बाकीच्या बोटांसमोर येतो.

धागाकर्ती: किती छान सांगितलंत दोघांनी! आत्ता आईला व्हिडिओ कॉल केला, तर ती म्हणते थोडा वळतो की, आणि खरंच वळताना दिसला.

हाडाचा विद्यार्थी: कोपर कुठे होतं तेव्हा? बरेच जण नकळत कोपर पोटापुढे आत ओढतात आणि अंग एका बाजूला कलतं करतात, मग हात वळल्यासारखा दिसतो पण ते काम खांद्याचं असतं. कोपर बरगडीला चिकटवून, काटकोनात वाकवून, मुठीत पेन उभं धरून वळवायला सांगा. पेन किती आडवं होतं तोच खरा आकडा. पूर्ण म्हणजे 80 ते 90 अंश, पण रोजच्या बहुतेक कामांना दोन्हीकडे 50 अंशांच्या आसपास पुरतं. तीर्थ घ्यायला मात्र त्याहून जास्त लागतं.

धागाकर्ती: केलं. बरगडीला उशी दाबून धरायला लावली. डाव्या हातातलं पेन पूर्ण आडवं होतंय आणि उजव्यातलं जेमतेम 20 अंश, बाकी सगळा खांदाच होता. दोन्ही हातांचे फोटो काढून ठेवलेत शुक्रवारसाठी. तोवर घरी काय करू देऊ? आणि गरम पाण्यात हात धरायचा तो आधी की नंतर?

हाडाचा विद्यार्थी: आधी, कोमट पाण्यात, 10 मिनिटं. मग हेच पेनचं, कोपर चिकटवून, ताण जाणवेल इतपतच, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. वजन धरायचं नाही आणि दुसऱ्या कोणी जोर लावून वळवायचा नाही. बोटांना मुंग्या आल्या, सूज वाढली किंवा रात्री ठणकायला लागलं तर शुक्रवारची वाट बघू नका. आणि तिथे गेल्यावर हात वळवण्याचे व्यायाम कागदावर लिहून मागा.

धागाकर्ती: मागते. एक्सरे बघून काय म्हणाले ते शुक्रवारी रात्री इथेच लिहीन.