मदत हवी आहे: उबंटूवर माईक दिसतो, पण ऑडॅसिटीत आवाज नाही

मंडळी, आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायला बसलो आणि अडकलो. उबंटू २४.०४ (लिनक्स), साधा यूएसबी माईक. टर्मिनलमध्ये एरेकॉर्ड या रेकॉर्डिंगच्या कमांडने दहा सेकंद घेतले तर आवाज खणखणीत. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र सरळ रेघ. अल्सामिक्सरमध्ये (आवाजाची पातळी ठरवायचं टर्मिनलमधलं साधन) कॅप्चर, म्हणजे माईकचा आवाज घेणं, चालू आहे, म्यूट कुठेच नाही. शेवटी पावूकंट्रोल, म्हणजे कुठल्या प्रोग्रामने कुठून आवाज घ्यायचा ते ठरवायचं साधन, उघडलं (रेकॉर्डिंग चालू असतानाच तिथे नोंद दिसते, हे कळायलाच अर्धा तास गेला). माईकऐवजी ‘मॉनिटर’ निवडलेला, म्हणजे स्पीकरचाच आवाज टिपत होतो! बदलला, जमलं. पण माईक काढून परत लावला की पुन्हा मॉनिटर. पाइपवायरमध्ये (उबंटूची आवाज हाताळणारी यंत्रणा) माईक कायमचा कसा ठरवायचा? त्यासाठी वायरप्लंबरची (पाइपवायरमधल्या जोडण्या ठरवणारा प्रोग्राम) फाईल लिहावीच लागते का? आजी रविवारी गावी चाललीय, आणि तीच ओवी चौथ्यांदा म्हणायला तयार नाही.