घटक विश्लेषणात किती घटक ठेवावेत?

प्रश्न (फोंडा): प्रबंधासाठी डिचोली तालुक्यातील शिक्षकांकडून ताणाविषयीची २४ विधानांची प्रश्नावली भरून घेतली असून, घटक विश्लेषणातून (उत्तरे एकत्र बदलणाऱ्या विधानांचे गट, म्हणजे घटक, शोधण्याची पद्धत) आयगेन मूल्य (उत्तरांमधील किती फरक तो घटक समजावतो याचे माप) १ पेक्षा जास्त असलेले सात घटक मिळाले आहेत, मात्र शेवटच्या तिघांना अर्थपूर्ण नाव देता येत नाही. ते ठेवावेत का?

उत्तर (म्हापसा): केवळ या निकषावर ठेवू नयेत, कारण तो बहुधा गरजेपेक्षा जास्त घटक दाखवतो. मानसशास्त्रज्ञ हॉर्न यांनी १९६५ मध्ये मांडलेले समांतर विश्लेषण करावे: तेवढ्याच आकाराच्या यादृच्छिक विदेतून (निव्वळ योगायोगाच्या आकड्यांतून) मिळणाऱ्या आयगेन मूल्यांपेक्षा ज्यांचे मूल्य मोठे, तेवढेच घटक राखावेत.

उत्तर (मडगाव): नकारार्थी विधाने अनेकदा केवळ शब्दरचनेमुळे वेगळा घटक बनवतात, तेही तपासा.

प्रश्नकर्ती: खरे आहे, सातव्या घटकावर ‘मला थकवा जाणवत नाही’ अशी तीन विधानेच एकत्र आली आहेत. मनःपूर्वक आभार.