ऑटोमॅटिक गाडी ६०-७० ला थरथरते, गिअरबॉक्समध्ये ॲडिटिव्ह घरीच टाकू का?

कांदिवलीकर_७२

नमस्कार मंडळी, जरा अडचणीत आहे म्हणून लिहितोय. माझी सेकंडहँड पेट्रोल सेडान आहे, २०१४ चं मॉडेल, ६ स्पीड ऑटोमॅटिक, १ लाख ८ हजार किमी झालेत. दोन महिन्यांपासून असं होतंय की सकाळी लवकर वेस्टर्न एक्सप्रेसवर रस्ता मोकळा असतो तेव्हा ६० ते ७० च्या मध्ये पाय हलका ठेवला की गाडी अख्खी थरथरते, रंबलरवरून गेल्यासारखी, दोन-तीन सेकंद, आणि मग आपोआप जाते. ॲक्सिलरेटर जास्त दाबला तर लगेच थांबते, सोडला तरी थांबते. गाडी थंड असताना काहीच नाही, वीसेक मिनिटं चालली की सुरू. ट्रॅफिकमध्ये कधीच होत नाही. चेक इंजिन लाइट नाही.

ओळखीच्या गॅरेजवाल्याने एक राउंड मारला आणि म्हणाला टॉर्क कन्वर्टर गेलाय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, ५५ हजार आणि सहा दिवस. तेल बघितलंसुद्धा नाही. आईला आठवड्यातून दोनदा परळला ट्रीटमेंटला न्यायचं असतं, लोकलमध्ये तिला चढता येत नाही, त्यामुळे सहा दिवस गाडी नसणं मला झेपणारं नाही आणि पैशाचं तर विचारूच नका.

व्हिडिओत बघितलं की एक छोटी ट्यूब मिळते, गिअरबॉक्सच्या तेलात टाकली की थरथर बंद. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः टाकू शकतो का? कोणी टाकलंय का? गिअरबॉक्सचं तेल माझ्या माहितीप्रमाणे कधीच बदललेलं नाही, आधीच्या मालकाने सांगितलं की लाइफटाइम असतं.

ठाणे_डिझेल

दादा मी टाकलंय, २०१२ ची डिझेल एसयूव्ही, सेम टू सेम त्रास, घोडबंदरला रात्री परत येताना व्हायचा. ५९ मिलीची ट्यूब, मित्राने अमेरिकेतून आणलेली. खरं सांगतो, तीसेक किलोमीटरमध्ये थरथर बंद झाली, मला वाटलं सुटलो. पण सात महिन्यांनी परत आली आणि आधीपेक्षा जोरात. मग तेल बदललं, ते पार काळं निघालं, वास जळका. त्यानंतर अजूनपर्यंत ठीक आहे. म्हणजे ट्यूब खोटी नाहीये पण मी तेल आधी बदलायला हवं होतं, ते सात महिने मी कन्वर्टर घासत होतो असं आता वाटतं.

मुलुंड_वेस्ट_सी

माझी पण ऑटोमॅटिक आहे, पहिल्या गिअरला निघताना थरथरते, विशेषतः बिल्डिंगच्या रॅम्पवर. मी पण टाकू का हे? गाडी एएमटी आहे.

कुर्ला_गिअरबॉक्स

मी १९ वर्षं हेच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांब झालं तर सांभाळून घ्या.

आधी मुलुंडवाल्यांना, तुम्ही अजिबात काही टाकू नका. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर मशीन दाबतं, तिथे क्लच कोरडा असतो, तेलात काहीही टाकलं तरी क्लचपर्यंत जाणारच नाही. तुमचा क्लच चेक करून घ्या. ड्राय क्लचवाल्या ड्युअल क्लच गाड्यांचंही तेच. आणि सीव्हीटीवाल्यांनी तर हात लावू नये, तिथे बेल्ट किंवा चेन पुलीला घट्ट धरूनच गाडी चालते, त्यात निसरडं करणारं औषध टाकलं तर बेल्ट सरकेल, पुलीवर ओरखडे पडतील आणि गिअरबॉक्स खरंच जाईल. सीव्हीटीचं तेलच वेगळं येतं.

आता कांदिवलीकर साहेब, तुमची टॉर्क कन्वर्टरवाली आहे. कन्वर्टरमध्ये इंजिनकडून एक पंखा तेल फेकतो आणि समोरचा पंखा त्या तेलाने फिरतो, मध्ये लोखंडाची जोडणी नाही. त्यात ताकद वाया जाते म्हणून स्पीड पकडल्यावर आतला एक क्लच दोन्ही बाजू जोडून टाकतो, त्याला लॉक-अप म्हणतात. नवीन गाड्यांत कंप्युटर तो क्लच पूर्ण न जोडता थोडा घसरता ठेवतो, म्हणजे झटका लागत नाही. तो घसरणं गुळगुळीत व्हावं म्हणून तेलात फ्रिक्शन मॉडिफायर घातलेले असतात. तेल जुनं झालं, तापून तापून ते संपले की क्लच पकडतो, सुटतो, पकडतो, सुटतो. शाळेत फळ्यावर खडू उभा धरून ओढला की टरटर करत तुटक रेघ यायची ना, अगदी तेच. तुमची थरथर तीच असण्याची शक्यता मोठी आहे कारण हलका पाय, ६०-७० चा स्पीड, गरम गाडी, ही लॉक-अपची वेळ आहे. ट्रॅफिकमध्ये लॉक-अप लागतच नाही म्हणून तिथे होत नाही.

पण शक्यता म्हणजे खात्री नाही. पैसे न घालवता एक टेस्ट करा. पहाटे रस्ता रिकामा असताना, मागे कोणी नाही बघून, थरथर सुरू झाली की ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, फक्त ब्रेक लाइट लागेल इतकाच. ब्रेकचा सिग्नल मिळाला की कंप्युटर लॉक-अप सोडतो. थरथर त्याच क्षणी गेली आणि आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा थोडा वर चढला तर लॉक-अपच आहे. गेली नाही तर इंजिन मिसिंग, प्लग, कॉइल, माउंटिंग हे बघा, कॉइलच्या मिसिंगसाठी गिअरबॉक्स उतरवलेल्या गाड्या माझ्याकडे आलेल्या आहेत. शेजारी कोणाला तरी बसवा, काटा त्याने बघायचा, तुम्ही रस्ता.

ट्यूबबद्दल माझं मत. ती तेच संपलेले मॉडिफायर परत टाकते, म्हणून फरक पडतो. पण लायनिंग म्हणजे लॉक-अप क्लचचा पकडणारा थर घासून संपलं असेल, सोलेनॉइड किंवा व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचं प्रेशर सांभाळणारे भाग) खराब असेल तर तिचा उपयोग शून्य. आणि एका ट्यूबने जमलं नाही म्हणून दोन-तीन ट्यूब टाकल्या तर गिअरबॉक्समधले बाकीचे क्लच पण घसरायला लागतात. एक लाख किलोमीटरच्या जळक्या तेलात टाकणं मला पटत नाही. लाइफटाइम तेल असं काही मुंबईत नसतं, इथल्या थांब-चाल ट्रॅफिकमध्ये आणि या उकाड्यात तेल सगळ्यात जास्त तापतं.

तेलानेच थरथर जाते याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. जनरल मोटर्सच्या ८ स्पीड गिअरबॉक्सना २०१५ पासूनच्या मॉडेलमध्ये हीच थरथर होती, कंपनीने शेवटी फॉर्म्युला बदललेलं तेल दिलं आणि जुनं पूर्ण काढून ते भरायला सांगितलं. तिथे जुनं तेल हवेतला दमटपणा शोषत होतं.

सीमा_दादर

दमटपणावरून आठवलं म्हणून विचारते, कांदिवलीकर दादा, गाडी कधी पाण्यात उभी होती का? आमची गेल्या पावसाळ्यात हिंदमाताला अर्ध्या दारापर्यंत पाण्यात होती, इंजिन वाचलं, इन्शुरन्सने सीट बदलून दिल्या, गिअरबॉक्सकडे कोणी बघितलंच नाही. तीन महिन्यांनी अशीच थरथर. गिअरबॉक्सला वर श्वास घ्यायला नळी असते तिथून पाणी गेलं होतं. तेल गुलाबी दुधासारखं निघालं. तेव्हा कोणी ट्यूब सांगितली असती तर मी टाकली असती आणि आतलं पाणी आतच राहिलं असतं.

कुर्ला_गिअरबॉक्स

ताईंचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, आणि मी तो आधीच लिहायला हवा होता. लॉक-अपचं लायनिंग कागदासारख्या मटेरियलचं असतं, पाणी पिऊन सुटून येतं. रेडिएटरमधला ऑइल कूलर फुटला तरी कूलंट तेलात येतं, रंग तसाच गुलाबी दुधाळ. थोडं पाणी डोळ्याला दिसत नाही तेव्हा आम्ही भंगारातला तवा गरम करून त्यावर तेलाचा एक थेंब टाकतो, तडतडलं तर पाणी आहे. बाहेर, उघड्यावर करा, चष्मा लावून, धूर येईपर्यंत तापवू नका आणि घरातला तवा नको.

कांदिवलीकर_७२

सगळ्यांचे मनापासून आभार. आज पहाटे साडेपाचला भावाला शेजारी बसवून टेस्ट केली, चार वेळा. चारही वेळा ब्रेकला पाय लागला की थरथर गायब आणि काटा वर. पाण्यात गाडी कधी नव्हती, निदान माझ्याकडे आल्यापासून. आता तेल बदलायचंच ठरवलं. गाडी जॅकवर घेऊन सोसायटीत करू का? डिपस्टिक नाहीये माझ्या गाडीला, मग लेव्हल कशी बघायची?

कुर्ला_गिअरबॉक्स

हे मात्र घरी नको, साहेब. टेस्ट घरची, तेल लिफ्टवर. डिपस्टिक नसलेल्या गाडीत लेव्हल बघायची म्हणजे गाडी एकदम सपाट, इंजिन चालू, एकाने सीटवर बसून ब्रेक दाबून लिव्हर पार्कपासून ड्राइव्हपर्यंत सावकाश फिरवायचा, स्कॅनरवर तेलाचं टेंपरेचर तुमच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यात, तो गाडीगणिक वेगळा असतो, आणि मग खालचा लेव्हल नट उघडायचा, धार बारीक होऊन थेंब थेंब आली की बरोबर. चालू गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी झोपू नये. कमी पडलं तर क्लच घसरतात, जास्त झालं तर फेस होतो.

तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच आणा, सगळ्यात चालतं असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. सीएसटी रोडला किंवा ऑपेरा हाऊसला मिळेल, बिल मागा. मेकॅनिकला सांगा, आधी भरायचा नट उघड, मग काढायचा. उलटं केलं आणि भरायचा नट गंजून अडकला तर गाडी तेलाशिवाय तिथेच उभी. किती निघालं ते मापून घ्या. एका वेळी साधारण अर्धंच निघतं कारण बाकीचं कन्वर्टरमध्ये अडकून राहतं, म्हणजे पहिल्यांदा ५० टक्के नवीन, दुसऱ्यांदा ७५, तिसऱ्यांदा ८७ च्या वर. मध्ये दोन-तीनशे किलोमीटर चालवा. एकेकदा दोन तासांचं काम आहे, आईंची परळची फेरी चुकणार नाही. तीनदा बदलूनही थोडी राहिली तर तेव्हा एक ट्यूब टाकून बघा, एकच. तरी गेली नाही तर मग कन्वर्टरचा खर्च खरा.

ठाणे_डिझेल

आणि काढलेलं तेल गॅरेजवाला गटारात ओतत नाही ना ते बघा, आमच्या इथे एकाने ओतलं आणि ते सरळ नाल्यात गेलं. जुनं ऑइल विकत घेणारे येतात, त्यांना द्यायला सांगा.

कांदिवलीकर_७२

दुसऱ्यांदा बदलून झालं काल. दुसऱ्या गॅरेजमध्ये लिफ्टवर, मी बाजूला उभा होतो. पहिल्यांदा ३.४ लिटर निघालं, चहाच्या चोथ्यासारखा रंग, तव्यावर तडतडलं नाही. खालच्या मॅग्नेटवर राखाडी बारीक लोण्यासारखा थर होता, धातूचे तुकडे नव्हते, तो मेकॅनिक म्हणाला एवढं चालतं. पहिल्या बदलानंतर थरथर निम्मी झाली, कालनंतर आज परळहून येताना फक्त एकदा, गोरेगावच्या फ्लायओव्हरवर, ती पण इतकी हलकी की आईला कळलीच नाही. तिसरं पुढच्या शनिवारी. ट्यूब अजून घेतलेली नाही.