गोरिला बघायला युगांडा की रवांडा? (सोबत १३ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई)

डोंगरवेडी_पुणे
नमस्कार मंडळी, पुढच्या जूनमध्ये लग्नाला १५ वर्षं होतायत म्हणून जंगलातले गोरिला बघायला जायचं चाललंय, म्हणजे नवऱ्याचं चाललंय, मी खर्चाचा आकडा ऐकून अजून गप्प आहे. आम्ही दोघं, मुलगा (१३) आणि सासूबाई (६३, मागच्या वर्षी राजगड चढून आल्यात पण उतरताना गुडघा कुरकुरतो). खरं तर हे खूळ मुलाचंच, मैसूरच्या झूमध्ये गोरिला बघितल्यापासून घरात दुसरा विषय नाही. रवांडात परमिट माणशी १५०० डॉलर आणि युगांडात ८०० म्हणे, जवळजवळ दुप्पट! का बुवा? तिकडचे गोरिला वेगळे असतात का? आणि चालायला कितपत लागतं? कुणी जाऊन आलं असेल तर खरं खरं सांगा, टूरवाले सगळंच सोप्पं सांगतात.

रानभूल
ताई, आधी वाईट बातमी देतो. १५ वर्षांखालच्या मुलांना गोरिला ट्रेकला सोडत नाहीत, दोन्ही देशांत हाच नियम. पोरांच्या सर्दीखोकल्याची लागण गोरिलांना होऊ शकते, ते मुख्य कारण. आणि "उंच आहे, दिसतो १५ चा" वगैरे चालत नाही, पासपोर्ट बघतात.

गोरिला दोन्हीकडे तेच, माउंटन गोरिला. २०१९ ला मोजदाद जाहीर झाली तेव्हा अख्ख्या जगात १०६३ होते. निम्म्याहून जास्त विरुंगाच्या ज्वालामुखी डोंगरांत (रवांडा, युगांडा, काँगो तिघांच्या सीमेवर) आणि बाकीचे युगांडाच्या ब्विंडी जंगलात. मैसूरला आहेत ते वेस्टर्न लोलँड, वेगळी जात. माउंटनवाले कुठल्याच झूमध्ये नाहीत, ते बघायचे तर तिथेच जावं लागतं. रवांडाने २०१७ ला परमिट ७५० वरून एकदम १५०० केलं, "कमी माणसं, जास्त पैसे" असं त्यांचं सरळ धोरण आहे, आणि किगाली विमानतळापासून गाडीने दोन-अडीच तासांत तुम्ही तिथे असता. ब्विंडीला युगांडाच्या एंटेबे विमानतळाहून ८-१० तास. पैसा वाचतो, पण तो असा कंबर मोडून भरावा लागतो.

आम्ही २०२३ ला ब्विंडी केलं. एक घोळ सांगतो, तेवढा टाळा. ब्विंडीला चार भाग आहेत, बुहोमा, रुहिजा, रुशागा, न्कुरिंगो, आणि परमिट त्यातल्या एकाच भागाचं असतं. आमच्या एजंटाने (नाव नको) लॉज बुहोमाला घेतलं आणि परमिट रुशागाचं. नकाशावर चिकटून दिसतात, पण रस्ता डोंगराला वळसा घालून जातो. पहाटे साडेतीनला निघालो, अंधारात कच्चा रस्ता, बायको दोनदा ओकली, आणि कसेबसे ब्रीफिंगला पोचलो. म्हणून आधी परमिट हातात घ्यायचं, त्यावरचा भाग वाचायचा, मग लॉज, मग विमान. जून ते सप्टेंबर कोरडा सीझन, त्यामुळे परमिटं लवकर संपतात.

चालण्याचं म्हणाल तर राजगडाला वाट तरी आहे. इथे पुढचा माणूस कोयत्याने झाडोरा तोडत जातो आणि पायाखाली जमीन नसतेच, वेलींची गादी असते. खाजकुयलीसारखी आग करणारी झुडपं आहेत, बागकामाचे जाड हातमोजे न्या, पँट मोज्यात खोचा. पोर्टर (सामान उचलणारा) नक्की घ्या, गावातलीच मुलं असतात, चढावर अक्षरशः ढकलतात. ट्रॅकर पहाटेच पुढे जाऊन कालच्या जागेवरून माग काढतात म्हणून बहुतेक सगळ्यांनाच दिसतात, फक्त कधी एक तास चालून तर कधी पाच.

दिसले की एक तास, आठच माणसं, मास्क लावून, १० मीटर लांब. अर्थात हा नियम गोरिलांना कुणी सांगितलेला नाही. मोठा सिल्व्हरबॅक (पाठ रुपेरी झालेला मोठा नर) उताणा पडून देठं सोलत होता, आपण ऊस सोलतो तसा कर्रकन आवाज, आणि मधूनमधून चक्क पादत होता. एक पिल्लू छाती बडवायला उभं राहिलं आणि तोल जाऊन मागे पडलं. मी पहिली २० मिनिटं मोबाईलमध्येच बघत बसलो, त्याचं अजून वाईट वाटतं.

कंपालाकर
९ वर्षं इथे युगांडात आहे, थोडी भर घालतो. ८-१० तास नको असतील तर किगालीला उतरा, बॉर्डर ओलांडून रुशागा साधारण ४ तासांत येतं. त्यासाठी ईस्ट आफ्रिका टुरिस्ट व्हिसा (दोन्ही देशांना एकच) घ्या, १०० डॉलर, पण ज्या देशाने दिला त्याच देशातून पहिली एंट्री करायची. यलो फिव्हरची लस किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच. कार्ड विसरलात तर परत येताना आपलेच लोक विमानतळावरून क्वारंटाईनला नेतात. पण ६० च्या पुढे ही लस आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, तेव्हा सासूबाईंचं ते आत्ताच बघून घ्या. डॉलरच्या नोटा नव्या आणि करकरीत आणा, जुन्या छपाईच्या इथे कुणी घेत नाही.

गुडघ्यासाठी उपाय आहे, गिरनारला असते तशी डोली मिळते, इथे तिला गंमतीने हेलिकॉप्टर म्हणतात. महाग आहे पण वर नेऊन आणतात. शाकाहारी असाल तर चपाती, बीन्स, मटोके (कच्च्या केळ्याचा शिजवलेला लगदा) सगळीकडे. अंडं चालत असेल तर रोलेक्स खा, म्हणजे चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट, घड्याळ नव्हे 😄

डोंगरवेडी_पुणे
बापरे, १५ चा नियम एकाही टूरवाल्याने सांगितला नव्हता! एकाने तर चौघांचा ॲडव्हान्स मागितला होता. मुलाला सांगितलं, तासभर खोलीतून बाहेर आला नाही, मग येऊन म्हणाला तुम्ही मला लॉजवर ठेवून गेलात तर मी तुमच्याशी कधीच बोलणार नाही. त्यामुळे आता १७ वा वाढदिवस, लग्नाचा. नवऱ्याला परमिटचे पैसे जमवायला दोन वर्षं मिळाली म्हणून तो खूश. सासूबाईंना डोलीचं वाचून दाखवलं तर म्हणाल्या, तोपर्यंत मी ६५ ची, तरी त्या पोरांच्या खांद्यावर बसायची नाही, तू तुझं बघ.

@रानभूल दादा, ते हातमोजे साध्या नर्सरीत मिळतात तेच ना?