शॅननची नऊ विजेतेपदं: पैसा आला आणि क्लब रग्बी संपली?

चिखलबूट: आयर्लंडच्या रग्बी क्लबांची ऑल-आयर्लंड लीग सर्वाधिक वेळा, म्हणजे नऊदा, जिंकली ती लिमरिक शहरातल्या शॅनन क्लबाने (स्थापना १८८४). त्यातली १९९५ ते १९९८ सलग चार. पण ऑगस्ट १९९५ मध्ये रग्बी व्यावसायिक झाली, लिमरिक ज्यात येतं त्या मन्स्टर प्रांताच्या संघाने खेळाडू पगारावर घेतले आणि क्लबांची रया गेली. गेल्या हिवाळ्यात लिमरिकच्या थॉमंड पार्क मैदानावर शॅननची मॅच पाहिली. गर्दी बेताचीच. शेजारच्या आजोबांनी थर्मासमधला चहा दिला आणि दोन्ही संघांतल्या प्रॉपची (स्क्रमच्या रेटारेटीत पुढच्या फळीत असणाऱ्या खेळाडूंची) कुळं सांगितली. कोणाचे वडील कुठे खेळले, काका कुठे! हे सगळं पैशाने घालवलं.

टॅकलराव: असहमत. जरा सनावळी बघा की. त्या चारांतली तीन पैसा आल्यानंतरची. पुढे २००२, २००४, २००५, २००६, २००९. मन्स्टरचे बडे खेळाडू क्लबात क्वचित दिसायचे तेव्हा शॅनन पाच वेळा जिंकला. रया गेलेला क्लब असा असतो होय?

चिखलबूट: कप मोजून काय होणार? नव्वदीत शॅननचा मिक गॅल्वी आणि लिमरिकच्याच यंग मन्स्टर क्लबाचा पीटर क्लोहेसी एकमेकांना भिडायचे आणि मग मन्स्टरच्या एकाच स्क्रममध्ये खांद्याला खांदा लावायचे. सगळं गाव ते बघायला यायचं. २००९ ची फायनल किती जणांना आठवते?

उंचकिक: लिमरिकच्याच गॅरिओवेन क्लबवाला बोलतोय, आमचाही जन्म १८८४ चाच. उंच चेंडू मारून त्याच्यामागे धावत सुटायचं, त्या किकला जगभर ‘गॅरिओवेन’ म्हणतात. शॅननच्या नावाची आहे का एखादी किक? (१९९८ ची फायनल त्यांनी आमच्याविरुद्धच जिंकली, तो विषय नको.)

डब्लिनकर: तुम्ही सगळे लिमरिकच्या आठवणीत रमलात. पहिल्या नऊ लीग मन्स्टरच्याच क्लबांनी नेल्या, हे खरं. पण २००० मध्ये डब्लिनच्या सेंट मेरीज कॉलेजने ती रांग मोडली. २००९ नंतर लिमरिकच्या एकाही क्लबाला लीग मिळालेली नाही. डब्लिनचे लॅन्सडाउन आणि क्लॉनटार्फ मात्र पुन्हा पुन्हा जिंकले. पैसा आम्हालाही लागू होताच ना? आमच्या लेन्स्टर प्रांतानेही आमचे खेळाडू नेले.

चिखलबूट: हा मुद्दा मान्य, याला माझ्याकडे उत्तर नाही. पण डब्लिनमध्ये रग्बी फी भरून शिकायच्या शाळांतून येते, लिमरिकमध्ये गल्लीतून. गल्लीतल्या पोराला क्लब सोडून जागा कुठली?

टॅकलराव: आहे की, मन्स्टर! २००६ मध्ये युरोपचा कप उचलणारा कर्णधार अँथनी फोली शॅननचा, २००८ चा पॉल ओ’कॉनेल यंग मन्स्टरचा. क्लबांनी घडवलेली पोरंच ती.

चिखलबूट: घडवली क्लबाने, तिकिटं विकली मन्स्टरने. मी तेच म्हणतोय, राव!

उंचकिक: शनिवारी थॉमंडला येणार का कोणी? थर्मास मी आणतो. आजोबांनाही निरोप द्या.