तुरुंगात मार बसला किंवा उपचार मिळाले नाहीत, तर सरकारने भरपाई द्यावी का?

गोदाकाठ: नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहाची भिंत आपण येता-जाता पाहतो. कोर्ट शिक्षा देतं ती बंदिवासाची. दंडुके खाण्याची आणि आजार अंगावर काढण्याची शिक्षा कुठल्याच निकालात लिहिलेली नसते. तसं झालं तर कैद्याने सरकारवर दावा लावावाच. १९९३ मध्ये नीलाबती बेहेरा खटल्यात, ओडिशातल्या पोलीस कोठडीत मुलगा गेला म्हणून सर्वोच्च न्यायालयाने आईला दीड लाख द्यायला लावले, तेही तिच्या पत्रावरून.

देवळालीकर: माझे वडील कारागृह शिपाई होते. बॅरक खच्चून भरलेली, रात्रपाळीला शिपाई मोजके. दोन टोळ्या भिडल्या की लाठी उचलावीच लागते. अमेरिकेत १९९६ पासून कायदा आहे, कैद्याने आधी तुरुंगातली तक्रारीची सगळी पायरी चढायची, मगच फेडरल म्हणजे केंद्रीय कोर्ट. आपल्याकडेही अशी चाळणी हवी.

गोदाकाठ: भांडण सोडवताना उचललेली लाठी वेगळी, माणूस खाली पडल्यावर चालवलेली वेगळी. आणि ज्याने मारलं त्याच्याच साहेबाकडे अर्ज करून पुन्हा त्याच बॅरकमध्ये झोपायचं? तिहारमधून सुनील बत्राने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल थेट सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं, म्हणून ते बाहेर आलं.

सिडकोकर: सरकारी दवाखान्यात बाहेरचा गरीबही ताटकळतो. त्याला कोण भरपाई देतं?

जेलरोडचा वकील: बाहेरचा माणूस उसनवारी करून खासगी डॉक्टर गाठतो, आतल्याला ती सोय नाही. तुरुंगाचा डॉक्टर लिहितो, ‘सिव्हिलला न्या’. न्यायला पोलिसांचा गार्ड लागतो. सण आला, सभा आली, गार्ड बंदोबस्ताला. तारीख हुकते, पुढचीही हुकते, तोवर दुखणं हाताबाहेर जातं. देशभरात दर चार कैद्यांतले तीन तर कच्चे कैदी, गुन्हा अजून सिद्धच नाही! अमेरिकेत १९७६ च्या एस्टेल-गॅम्बल निकालाने ‘जाणूनबुजून दुर्लक्ष’ ही कसोटी लावली आणि दावा लावणारा कैदी गॅम्बल स्वतःच हरला, कारण डॉक्टरांनी त्याला अनेकदा तपासलं होतं. ती कसोटी इथे लावली तर न आलेल्या गार्डबद्दल कुणालाच धरता येणार नाही. आपली राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ ची, म्हणजे जगण्याच्या हक्काची वाट त्यापेक्षा बरी, तिथे राज्यालाच जबाब द्यावा लागतो.

देवळालीकर: द्या पैसे, पण सरकारच्या तिजोरीतून. प्रकरण पेटलं की पहिलं निलंबन शिपायाचं होतं. गार्ड नाकारणारा साहेब कागदावर कुठेच नसतो.

जेलरोडचा वकील: तोच कागद मला हवाय. गार्ड कोणत्या तारखेला मागितला, कुणी नाही म्हटलं, याची नोंद नातेवाइकांना मुलाखतीच्या दिवशी दाखवा. मग निम्मे दावे लावायची वेळच येणार नाही.

सिडकोकर: नोंद दाखवा, हरकत नाही. मारहाणीची भरपाईही पटते. हुकलेल्या तारखेची नाही पटत. तो पैसा गार्ड वाढवायला वापरा.

गोदाकाठ: आणि ज्याची तारीख हुकून गेली, त्याच्या घरच्यांना काय सांगायचं?